मिरगाचा भरवसा नाही, म्हणून चिंच लावायचीच नाही?

(धाड येथे कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक म्हटली की आपले विषय ठरलेले असतात. कापसाचा भाव, पीककर्ज, विमा, वीज, रोही आणि रानडुकरांचा त्रास. हे प्रश्न सुटलेले नाहीत, तोवर ते निघणार आणि निघायलाच हवेत. आज मात्र आम्ही असा एक विषय काढणार आहोत की जो कुठल्या निवेदनात नसतो आणि कुठल्या मोर्चाच्या फलकावरही नसतो. प्रत्येकाच्या मनात एखादे स्वतःचे काम असते. कुणाला पेटी शिकायची असते. कुणाला बांधावर आंबे आणि चिंचा लावायच्या असतात. कुणाची दहावी राहिलेली असते, तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा द्यायची असते. कुणाला आजीच्या तोंडच्या ओव्या उतरवून घ्यायच्या असतात. कुणाला आपल्याच वावरात ज्वारीचे चांगले वाण तयार करायचे असते. या कामाचे काय झाले, एवढेच आज विचारायचे आहे.

विचारले की उत्तर एकच येते, "पुढच्या साली बघू." यंदा कापूस बरा पिकला, भाव बरा लागला, सोसायटीचे फिटले, पोरीचे लग्न झाले, की मग बघू. म्हणजे पेटी टांगली कापसाला, आणि कापूस टांगला पावसाला आणि बाजाराला. आता या दोन खुंट्या किती पक्क्या आहेत, ते आधी पाहू.

पुढचे साल कोण सांगणार?

आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळची घटमांडणी होते. आखाजीला संध्याकाळी वावरात घट मांडतात, भोवती धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून पाऊसपाण्याचे, पिकांचे भाकीत सांगतात. जुने लोक ही रीत तीनशे वर्षांपलीकडची सांगतात. पंचक्रोशीतून माणसे ऐकायला जातात. तिकडे सरकारी हवामान खात्याने मोसमी पावसाचा पहिला अंदाज १८८६ मध्ये दिला. तेव्हापासून आजवर अंदाज सुधारत आला, उपग्रह आले, संगणक आले. तरीही खाते सबंध देशाची आणि विभागाची सरासरी सांगते. धाडच्या शिवारात पेरणीनंतर वीस दिवसांचा खंड पडेल का, हे जूनमध्ये कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

भेंडवळवर कुणाचा विश्वास असो वा नसो, त्यावर आमचा वाद नाही. इतक्या पिढ्या लोक तिथे जातात याचा अर्थ एवढाच, की उद्याचे काही कळत नाही हे दुःख आपल्याला नवे नाही. आपल्या आज्यालाही ते होते, पणज्यालाही होते.

बाजाराचे म्हणाल तर तो पावसापेक्षा लहरी. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव परत येईल म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. अंगाला खाज सुटली, उंदरांनी बिळे केली, आणि भाव आठ हजारांच्या खाली उतरला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. आपली बोंडे अजून फुटायची होती, तोवर भावाचे गणित दिल्लीत बदलून गेले. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने डोळ्यांदेखत बोंडे पोखरली. त्याआधी २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन वर्षे पाऊस रुसला. ज्यांनी १९७२ पाहिले त्यांना तर काहीच सांगायला नको.

सांगायचा मुद्दा असा, की कोरडवाहू शेतकऱ्याच्या आयुष्यात ज्याला "पुढचे साल" म्हणतात, ते बिनघोर, सुरळीत, हाती पैसा असलेले साल क्वचित येते. आणि ज्या साली ते येते, त्या साली मागची देणी दारात उभी असतात. त्याच्या भरवशावर ठेवलेले काम तिरडीबरोबर जाते. आम्ही हे कठोर बोलतो आहोत, पण आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा. बहुतेकांच्या पोटात असे एखादे न झालेले काम सापडेल.

पोटाला नाही आणि छंद कसले?

कुणी म्हणेल, ही शहरातल्या पेन्शनवाल्यांची बोलणी झाली. घरात मिठाला पैसा नाही आणि हे म्हणतात पेटी शिका.

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. छंद हा भावाच्या बदल्यात घ्यायचा नाही. कापसाला भाव मागू नका, त्याऐवजी भजन म्हणा, मन रमवा, असे सांगणारे पुष्कळ असतात. असा उपदेश करणाऱ्याला गावाच्या वेशीवरूनच परत पाठवावे. घामाचे दाम हा हक्काचा मामला आहे, तो मन रमवून मिटत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. बाजार आपल्याला फक्त क्विंटलमध्ये मोजतो. वाईट हे, की आपणही स्वतःला क्विंटलमध्येच मोजायला लागलो. एकरी आठ क्विंटल झाला तर माणूस चावडीवर ताठ बसतो, तीन झाला तर रस्ता बदलून घरी जातो. पीक बुडाले की "मी बुडालो" म्हणतो. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, ते कशामुळे हे इथे कुणाला सांगायला नको. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि आपला बुलढाणा. कारण कर्जाचे होते, भावाचे होते, धोरणाचे होते, आणि ते तसेच मांडत राहिले पाहिजे. मात्र घरात एकट्या पडलेल्या माणसाला कापूस सोडून उभे राहायला दुसरी जागाच नसते, हेही आपण पाहिले आहे. त्याच्या जगण्याचे एकच पीक असते, आणि ते गेले की सारे वावर रिकामे.

आपण पऱ्हाटीत तुरीचे तास का घालतो? कापूस बुडाला तर घरात डाळ तरी यावी म्हणून. जमिनीच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला बापाने शिकवले. जगण्याच्या बाबतीत मात्र आपण सारे वावर सलग कापसाने भरून टाकतो. स्वतःच्या कामाचे एक तास मधून घालायचे, एवढेच आमचे म्हणणे. त्याने कापसाचा भाव वाढणार नाही. कापूस गेला त्या साली माणूस मात्र पुरता रिकामा राहणार नाही.

ज्यांना निवांत साल मिळाले नाही

ज्यांच्या हातून असे काम झाले त्यांना निवांतपणा मिळाला होता का, ते पाहू. लांबची उदाहरणे नकोत, आजूबाजूचीच घेऊ.

डोंगर उतरून खानदेशात गेले की जळगावजवळ असोदे. तिथली लेक आणि जळगावची सून बहिणाबाई चौधरी. जन्म १८८० चा. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. ऐन तिशीत कपाळ पांढरे झाले. पुढे शेत, घर आणि पोरे. या बाईने गाणी रचली ती जात्यावर बसून, निंदताना, वेचताना. कागद नाही, दौत नाही, सवड नाही. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी ती गाणी उतरवून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने गाण्यांचे पुस्तक निघाले. छापील पुस्तक त्यांनी पाहिलेच नाही. आज ती गाणी शाळेच्या पुस्तकात आहेत.

आपल्या धाडहून अजिंठ्याच्या बाजूला निघालो की डोंगरापलीकडे सोयगाव तालुक्यात पळसखेडे. ना. धों. महानोर तिथले. जन्म १९४२. कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला शिक्षण सुटले आणि माणूस शेतीवर परत आला. १९६७ मध्ये 'रानातल्या कविता' निघाली. पुढे विधान परिषद झाली, सिनेमाची गाणी झाली, १९९१ ला पद्मश्री झाली. पण वावर सुटले नाही. पाणी अडवणे, फळझाडे लावणे हे काम आणि कविता दोन्ही शेजारी शेजारी चालत राहिले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. कोरडवाहू भागात राहिलेल्या या माणसाने दुष्काळ काही कमी पाहिले नव्हते. शेती सुरळीत होईपर्यंत कविता थांबवायची, असे त्यांनी ठरवले असते तर आज ना कविता असती ना कवी.

या दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोघांनीही आपल्या कामासाठी वेगळे साल मागितले नाही. जे काम हाताशी होते त्यातच दुसरे काम पेरले.

तीन लोंब्या

आता लांब पल्ल्याच्या कामाचे उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ मध्ये धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग वेगळा, दाणा बारीक. सगळ्यांच्या वावरात अशा दोन-चार लोंब्या दिसतात, आपण त्या खळ्यात मिसळून टाकतो. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या साली वेगळ्या लावल्या, त्यातून निवडले, पुन्हा लावले. असे साल-दर-साल चालले. काही वर्षांत ते धान बाजारात आले तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या नावाजलेल्या घड्याळाचे नाव दिले, एचएमटी. बारीक तांदूळ म्हणून ते लांबवर गेले. दादाजींनी पुढे आणखी वाणेही काढली. २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा सन्मान झाला.

ही गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी होईल. ज्या तांदळावर कित्येकांनी पैसा केला, त्याचा मोबदला दादाजींच्या घरी आला नाही. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले ते आजारपणात आणि तंगीतच. तेव्हा छंद जोपासा, लक्ष्मी आपोआप येईल, असे आम्ही म्हणणार नाही. काम करणाऱ्याचा हक्क राखायला वेगळी लढाई लागते. त्यासाठी आज एक हत्यार आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. शेतकऱ्याने स्वतः जपलेल्या वा तयार केलेल्या वाणाची नोंदणी त्याच कायद्याखाली करता येते, आणि शेतकऱ्याला त्याची फी पडत नाही. दादाजींनी पहिली लोंबी वेचली तेव्हा हा कायदा नव्हता.

ज्वारीवाल्यांनी हे खास लक्षात घ्यावे. ज्वारी बहुतांशी आपल्याच परागाने दाणा धरते, म्हणून देशी वा सुधारित सरळ वाणात कणीस निवडून गुण टिकवता येतो. मालदांडी ३५-१ हे नाव प्रत्येकाला ठाऊक आहे. ते वाण १९३० च्या दशकात सोलापूर भागातल्या मोहोळच्या केंद्रावर, गावरान मालदांडीतून निवड करूनच आले. संकरित बियाण्याला मात्र हे लागू नाही, त्याचा दाणा पेरला की गुण फुटतो. आणि निवडायचे कणीस बांधाकडचे नको. तिथल्या ताटाला जागा, ओल आणि ऊन जास्त मिळते, म्हणून ते फुगते. वावराच्या मधले, शेजारच्या ताटांशी झगडून भरलेले, खोडकिडीतून वाचलेले ताट पाहावे. सोंगणीआधी त्याला चिंधी बांधावी. पंचवीस कणसे पुरे. त्याला पैसा लागत नाही, सोंगणीआधीचा एक दिवस लागतो.

अर्धी विहीर आणि दगडी बांध

मग उद्याचा भरवसा नसताना काम निवडायचे कसे? आमच्या मते कसोटी एकच आहे, आणि ती आपल्याच शिवारातली आहे.

विहीर खोदायला घेतली, चाळीस फुटांवर पैसा संपला, पाणी लागले नाही. ती अर्धी विहीर काही कामाची नाही. उलट कर्ज अंगावर आणि गुरू-ढोरू पडायची धास्ती. नाल्यात मात्र दगडांचे दहा छोटे बांध घालायचे ठरवले आणि चारच झाले, तरी त्या चार बांधांमागे माती साचते. पुढच्या साली पाचवा घालता येतो. नाहीच घातला तरी चार कुठे गेले नाहीत.

ज्याचे उद्याचे ठरलेले नाही त्याने बांधासारखे काम धरावे. मध्येच थांबले तरी झाले तेवढे कामाला यावे. दहा चिंचा ठरवल्या आणि तीनच जगल्या, तर त्या तीन चिंचांची सावली काही कमी पडत नाही. पेटीवर पन्नास अभंग बसवायचे होते आणि सातच बसले, तर ते सात तुमचे. आजीच्या शंभर ओव्यांपैकी वीसच लिहून झाल्या, तर वीस वाचल्या.

पाहायचे असेल तर आपला अजिंठा जवळ आहे. तीस लेणी. दीड हजार वर्षांपूर्वी राज्य ढासळले, दाते गेले, काम थांबले. चोवीस नंबरचे लेणे तर फार मोठे व्हायचे होते, ते अर्धवट राहिले. पण अशा अर्ध्या राहिलेल्या लेण्यांवरूनच आज कळते, की कारागीर छतापासून सुरुवात करून खाली खोदत येत होते. पुरी झालेली लेणी ही गोष्ट इतकी उघड सांगत नाहीत. कारागिरांनी काही राज्य टिकेल का याची खात्री करून छिन्नी उचलली नव्हती.

या कसोटीवर काही कामे नापास होतात, तेही बोलले पाहिजे. शंकरपट घ्या. पटाची जोडी हा वऱ्हाडी माणसाचा जीव. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, २०२३ च्या मे महिन्यात कायद्याला मान्यता मिळून वाट मोकळी झाली. आनंदच आहे. पण लाखाची जोडी व्याजाच्या पैशाने घेणे म्हणजे अर्धी विहीर. शर्यत बंद झाली, बैल लंगडला, तर हातात काय राहिले? घरचा गोऱ्हा वाढवून पळवला तर गोष्ट वेगळी, तो न जिंकला तरी वखराला चालतो. तेव्हा छंदासाठी कर्ज काढायचे नाही. ज्या छंदाला सावकार लागतो तो छंद सावकाराचाच होतो.

पोरांसाठी दोन शब्द

हीच कसोटी आमच्या तरण्या पोरांना लावून पाहू. भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी गावोगाव चालू आहे. जागा थोड्या, पोरे ढीगभर. जाहिरात कधी निघेल, परीक्षा कधी होईल, निकाल कोर्टात अडकेल का, कशाचाच नेम नाही. आम्ही कुणाला नाउमेद करत नाही, ज्याचा नंबर लागला त्याचा गावाला अभिमान आहे. पण नुसती तयारी ही विहिरीसारखी आहे. पाणी लागले तर लागले, नाहीतर वयाची सात-आठ वर्षे त्या खड्ड्यात.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. किती साले द्यायची ते आधीच आईबापांसमोर बसून ठरवावे. आणि त्याच वर्षांत अर्धे राहिले तरी कामाला येईल असे एक काम हातात धरावे. मोटर दुरुस्ती असो, हिशेबाची वही लिहिणे असो, कापसाच्या धाग्याची लांबी आणि ओलावा पारखणे असो, गाणे-वाजवणे असो. परीक्षेचा निकाल काहीही लागला तरी ते कुणी काढून घेत नाही. आणि आईबापांनी पोराच्या या दुसऱ्या कामाला रिकामटेकडेपणा म्हणू नये.

बाईच्या कामाला सवड कुणी द्यायची?

मायबहिणींनो, इतका वेळ आम्ही सवड, सवड म्हणतो आहोत. गड्याला उन्हाळ्यात पारावर बसायला सवड असते. तुम्हाला ती कोणत्या महिन्यात असते? निंदण तुमचे, वेचणी तुमची, पाणी तुमचे, चूल तुमची. एक काळ होता, बाई पहाटे जात्यावर बसत होती आणि गात होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा करण्याचे काम मांडले, तो आकडा एक लाखाच्या वर गेला. त्या ओव्या रचणाऱ्या बहुतेक बायांना सही येत नव्हती. जाते गेले ते बरेच झाले, कष्ट कमी झाले. पण गिरणीने वाचवलेला वेळ बाईच्या हाती राहिला नाही, तो दुसऱ्या कामांनी खाऊन टाकला. गाणे मात्र गेले.

तेव्हा घरातल्या कर्त्या गड्यांना आमचे सांगणे आहे. तुमच्या पेटीसाठी संध्याकाळ मोकळी हवी असेल तर तिच्या कामासाठीही एक संध्याकाळ मोकळी हवी. त्या दिवशी पाणी तुम्ही आणा, पोरे तुम्ही पाहा. बहिणाबाईंची गाणी राहिली, कारण घरातल्या माणसांनी ती ऐकून लिहून ठेवली. आपल्या घरात अशी किती गाणी कुणी ऐकलीच नाहीत म्हणून गेली असतील, त्याचा हिशेब नाही. शाळेत जाणाऱ्या पोराला दोनशे पानी वही द्या आणि आजीजवळ बसवा. हे कामही बांधासारखेच आहे, जेवढे झाले तेवढे वाचले.

वही ठेवा

शेवटी एक काम, जे ज्याला काहीच सुचत नाही त्यानेही धरावे. पावसाची वही. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्या तोंडाचा एक डबा घ्या. झाड आणि छपरापासून दूर, मोकळ्यावर पक्का ठेवा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजा, तारीख घाला, लिहा, डबा रिकामा करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर चार हजार लिटरहून थोडे जास्त पाणी. पहिल्या साली ही वही नुसता चाळा वाटेल. तिसऱ्या साली खंड कोणत्या नक्षत्रात पडतो याचा अंदाज येऊ लागेल. दहाव्या साली तुमच्या वावराबद्दल तुमच्याइतके दुसरे कुणी जाणत नसेल. महसूल मंडळाच्या मापकावरचा पाऊस अन् आपल्या शिवारातला पाऊस यांत फरक पडतो, ही आपली जुनी तक्रार आहे. तुमची वही सरकार पुरावा म्हणून मानेल असे आम्ही सांगत नाही. पण गावातल्या वीस वह्या एकाच दिवसाचा एकच आकडा दाखवू लागल्या, तर प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज वेगळा लागतो.

भावांनो, बियाची चिंच फळाला यायला आठ-दहा वर्षे घेते. साठीच्या माणसाने चिंच लावली तर पोरे हसतात. हसू द्या. आज आपण ज्या चिंचेखाली बैल बांधतो ती लावणाऱ्यालाही पुढच्या मिरगाचा भरवसा नव्हता. कापसाला भाव मिळेपर्यंत मागत राहायचे आहे, त्यात कसूर नको. पण भाव मिळेपर्यंत जगणे थांबवायचे नाही. मागणी पुरी होईल तेव्हा ती घ्यायला आपण धड, जिवंत मनाचे उरलो पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपले एक काम ठरवून यावे. पेटीचे, चिंचेचे, कणसांचे, ओव्यांचे, वहीचे, कोणतेही. हजेरीच्या कागदावर नावापुढे ते लिहायचे. त्याच्या पुढच्या बैठकीत विचारू, की किती झाले. कुणी म्हणाला अर्धेच झाले, तर आम्ही म्हणू, चांगले झाले.